बकरीचं पिल्लू, उंदराची टाळू आणि गुढीपाडव्याचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक आहात. १४ नोव्हेंबर २०२५ ला तुमच्या बहिणीला मुलगा झाला, भरल्या दिवसांचा, पण डाव्या बाजूचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला आणि टाळूही उघडी. त्याच आठवड्यात, २० तारखेला, शेजारची बकरी व्याली आणि तिच्या दोन पिलांपैकी एकाच्या टाळूला फट. गावात आता दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, ७ सप्टेंबरच्या चंद्रग्रहणात बहिणीनं विळी हातात घेतली. दुसरा म्हणतो, ती त्याच बकरीचं दूध प्यायची. डॉक्टर ‘जनुकांचं असतं’ एवढं सांगून मोकळे झाले. या व्यंगांच्या अभ्यासाला उंदीर, कोंबडी, मासे वापरतात असं तुमच्या वाचनात आलं. तुम्ही विचारता, उंदराच्या तोंडावरून माणसाच्या ओठाचं काय कळणार, आणि पुढच्या बाळाला त्याचा काही उपयोग आहे का?

मी पशुवैद्यक आहे. पहिली अकरा वर्षं वणी-मारेगावकडच्या दवाखान्यांत काढली. पुढं भ्रूणशास्त्राकडे वळलो आणि बरीच वर्षं उंदरांच्या टाळूवर काम केलं. म्हणून तुमचे दोन्ही प्रश्न, बाळाचा आणि बकरीचा, माझ्याच टेबलावर येतात.

पहिली गोष्ट. आपण ‘ओठ फाटला’, ‘ओठ कापला’ म्हणतो आणि तिथूनच विळी डोक्यात शिरते. ओठ फाटत नाही, तो जुळायचा राहतो. गर्भाचा चेहरा सुरुवातीला एकसंध नसतोच. कपाळाकडून एक उंचवटा खाली येतो, दोन्ही गालांकडून दोन पुढं सरकतात, खाली जबड्याचे दोन. हे सगळे वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि मधली शिवण पुसली जाते. वरचा ओठ गर्भ राहिल्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो. टाळू आठव्या आठवड्याच्या सुमारास मिटायला लागते आणि बाराव्यापर्यंत मागच्या पडजिभेसकट पूर्ण होते. जगात साधारण सातशे ते हजार बाळांमागे एकात हे जुळणं कुठंतरी अडतं.

आता बहिणीचा हिशेब करू. चौदा नोव्हेंबरचं भरल्या दिवसांचं बाळ, म्हणजे गर्भ राहिला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. ओठ जुळायची वेळ आली मार्चअखेर ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. गुढीपाडवा ३० मार्चला होता, रामनवमी ६ एप्रिलला. तुमच्याकडे मोहाची फुलं पडत होती, तेव्हा या बाळाचा ओठ जुळत होता किंवा जुळायचा राहत होता. टाळूचं भवितव्य अक्षय तृतीयेच्या आगेमागे ठरलं. ग्रहण आलं सप्टेंबरात. तोवर बहिणीला सातवा महिना लागलेला आणि ओठाचा निकाल लागून पाच महिने झालेले. तिनं त्या रात्री विळी घेतली की नाही, हा वाद तुम्ही इथंच मिटवू शकता. फवारणीचंही तुम्ही विचारलंत. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हा त्या विषाला मी हलकं लेखत नाही. पण पाडव्याला तुमच्या शिवारात कपाशी उभी नसते.

हे आठवडे इतक्या ठामपणे सांगता येतात, त्यामागं फार मोठा वाटा जनावरांवरच्या अभ्यासाचा आहे. माणसाच्या गर्भात हे घडत असताना बघायला कुणी बसू शकत नाही. बाई दिवस गेल्याचं आशाताईला सांगते, तोवर ओठाचं काम आटोपलेलं असतं.

अंड्यात मात्र बघता येतं. मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा तेच दाखवायचो. उबवणीला ठेवून तीन दिवस झालेलं कोंबडीचं अंडं आडवं धरायचं. टोकाला बारीक भोक पाडून सिरिंजनं दोन-तीन मिलि पांढरं काढून घ्यायचं, म्हणजे गर्भ कवचापासून खाली बसतो. वरच्या बाजूला चिकटपट्टी लावून वाकड्या कात्रीनं खिडकी कापायची. आत पिवळ्यावर केसासारख्या लाल रेषा, मधोमध ठिपक्याएवढं हृदय धडधडतंय आणि स्वल्पविरामासारखं वाकलेलं डोकं. तरी गर्भ इतका पारदर्शक की कडा दिसत नाहीत. मग त्याच्या खाली पातळ केलेल्या काळ्या शाईचा एक थेंब सोडायचा. काळ्या फळ्यावर खडूनं काढल्यासारखा चेहऱ्याचा एकेक उंचवटा उमटतो. पोरं गप्प होतात.

चेहऱ्याचा माल येतो कुठून, हे याच अंड्यांनी सांगितलं. फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी १९६९ च्या सुमारास कोंबडीच्या गर्भात लाव्याच्या, म्हणजे बटेरच्या, पेशी बसवल्या. लाव्याच्या पेशीचं केंद्रक रंगवल्यावर गडद दिसतं, त्यामुळे कोणती पेशी कुठं पोचली ते ओळखता येतं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात तिच्या माथ्यावर जन्मणाऱ्या ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाच्या पेशी तिथून पायपीट करत येतात आणि चेहऱ्याची बहुतेक हाडं-कूर्चा त्यांच्यापासून घडतात, हे त्यातून पक्कं झालं. पुढं २००३ मध्ये कॅलिफोर्नियात बदकाच्या या पेशी लाव्याच्या गर्भात बसवल्या, तर लाव्याला बदकासारखी रुंद चपटी चोच आली. नुसती माती नव्हे, साचाही त्या पेशीच घेऊन येतात. त्या कमी पडल्या, उशिरा पोचल्या किंवा वाटेत मेल्या, तर जुळायला समोर काही उरतच नाही.

पण टाळूचा प्रश्न कोंबडीला विचारू नका. पक्ष्यांची टाळू जन्मतःच फटीची असते. घरच्या कोंबडीची चोच उघडून बघा. तिच्यात ते व्यंग नाही, तीच तिची रीत आहे. कोणत्या जनावराला कोणता प्रश्न विचारायचा, हे या धंद्यातलं अर्धं शहाणपण. आपल्याकडच्या ओढ्यांतला झेब्रामासा इवलासा, पण त्याचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं आणि पाच दिवसांत कवटीची कूर्चा तयार होते. एखाद्या जनुकावर संशय असेल तर तपासणी तिथं लवकर होते. टाळूसाठी उंदीर.

उंदरीण वीस दिवसांत विते. रात्री जोडी लावायची, सकाळी मादीच्या योनीत मेणासारखा घट्ट खडा दिसला की तिथून दिवस मोजायचे. साडेतेराव्या दिवशी गर्भाचं तोंड उघडलं, तर टाळूचे दोन पापुद्रे जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबताना दिसतात, दाराच्या झडपांसारखे. पंधराव्या दिवशी बघावं तर जीभ खाली बसलेली आणि दोन्ही झडपा वर उचलून आडव्या. काही तासांचा खेळ असतो. त्या तासांत उचलल्या नाहीत, तर डोकं रुंद होत जातं आणि मग उचलल्या तरी एकमेकींना पोचत नाहीत. जन्मलेल्या पिलाची परीक्षा तर आणखी सोपी. धडधाकट पिलाच्या गुलाबी पोटातून प्यालेल्या दुधाचा पांढरा ठिपका दिसतो. टाळू उघडी असली की तिथं हवेचा बुडबुडा दिसतो. ते चोवीस तासही काढत नाही.

तुम्ही विचारलंत, ‘एकाच घरात एकाला होतं, दुसऱ्याला होत नाही, असं का?’ त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला १९५१ च्या एका कामात सापडतं. कॅनडातल्या माँट्रियलच्या क्लार्क फ्रेझर यांनी गाभण उंदरिणींना कॉर्टिझोन नावाचं स्टेरॉइड टोचलं. ‘ए’ नावाच्या जातीत जवळपास सगळ्या पिलांची टाळू उघडी राहिली. काळ्या ‘सी-५७’ जातीत तोच डोस, पण पाच-सहांतल्या एखाद्याचीच. शेवटची एसटी साडेपाचला सुटते असं समजा. ज्याचं घर स्टँडला लागून आहे, त्याला चप्पल शोधायला पाच मिनिटं लागली तरी गाडी मिळते. ज्याचं घर वेशीबाहेर, त्याची गाडी त्याच पाच मिनिटांनी चुकते. ‘ए’ जातीत टाळूच्या झडपा मुळातच उशिरा उचलतात, म्हणजे त्यांचं घर लांब. कॉर्टिझोननं सगळ्यांना सारखाच उशीर केला. माणसांतही बहुतेक वेळा असंच असतं. थोडं आईकडून, थोडं बापाकडून, थोडं त्या आठवड्यातलं काही, आणि गाडी चुकते. एकट्या बहिणीच्या अंगावर ढकलावं असं त्यात काही नाही. तुमच्या भाऊजींनीही हे वाचावं.

इथं माझीच एक फजिती सांगतो. ‘ए’ जातीच्या उंदरिणींवर एका औषधाचा प्रयोग चालू होता. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. जोडून सुट्ट्या आल्या, दाणापाणी बघणारा माणूस आला नाही, आणि मीही फिरकलो नाही. बाटल्यांच्या नळ्या तुंबल्या. पाणी नाही म्हणून उंदरिणींनी खाणंही सोडलं. पिलं झाली तेव्हा औषधवाल्यांत टाळू उघडी आणि मिठाच्या पाण्यावाल्यांतही उघडी. त्या जातीत गाभण मादीला एक दिवस उपाशी ठेवलं तरी टाळूवर परिणाम होतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तीन महिन्यांचं काम कचऱ्यात गेलं. पण ती मिठाच्या पाण्याची रांग ठेवली नसती, तर मी औषधाला दोषी ठरवून मोकळा झालो असतो. गावात ग्रहणाला दोषी ठरवतात, ते याच पद्धतीनं. ग्रहणात विळी घेतलेल्या आणि धडधाकट बाळ झालेल्या बायांची रांग कुणी मोजतच नाही.

जनुकांचं म्हणाल, तर एक गोष्ट घरच्या घरी तपासा. बहिणीचा आणि भाऊजींचा खालचा ओठ उजेडात बघा, आजी-आजोबांचेही बघा. ओठावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सुईनं टोचल्यासारखे दोन खळगे आहेत का? असतील तर तो ‘व्हॅन डर वूड’ नावाचा आनुवंशिक प्रकार असू शकतो, आणि मग पुढच्या प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. खळगे नसतील, आईबापांना काही नसेल आणि एकच मूल असं असेल, तर पुढच्या बाळाला धोका शंभरात साधारण तीन ते पाच. या प्रकाराचं ‘आयआरएफ-६’ हे जनुक माणसांतच सापडलं, २००२ मध्ये. पण ते करतं काय, हे चार वर्षांनी उंदरांनी सांगितलं. पोळ्या लाटताना आपण परथन लावतो, नाहीतर पोळी पोळपाटाला चिकटते. गर्भाच्या तोंडात आतून चपट्या पेशींचा तसाच एक थर असतो. ते जनुक बिघडलेल्या उंदरांत हा थर धड होत नाही, आणि टाळूची झडप वर उचलायच्या आधीच शेजारच्या जिभेला चिकटून बसते. जुळण्याची ताकद कमी म्हणून फट राहते असं आपण समजत होतो. इथं उलटंच निघालं, भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी जुळल्यामुळे फट राहिली.

आता बकरी, माझा आवडता भाग. मारेगावकडं असताना एक आजी पदरात पिल्लू गुंडाळून घेऊन आल्या. ‘दूध तं पेते जी, पण नाकातून येते ना बाप्पा.’ पिलाच्या तोंडात करंगळी घातली, वर टाळू लागायच्या जागी बोट सरळ नाकाच्या पोकळीत गेलं. त्या वेळी मी एवढंच सांगू शकलो की हे जगणार नाही. कारण मला पुढं कळलं. अमेरिकेत युटामध्ये विषारी वनस्पतींवर काम करणाऱ्या पशुवैद्यकांनी गाभण बकऱ्यांना तंबाखूच्याच कुळातलं, पिवळ्या नळीसारख्या फुलांचं एक झुडूप खाऊ घातलं. गाभण राहिल्यापासून बत्तिसाव्या ते एकेचाळिसाव्या दिवसापर्यंत दिलं, तर जवळजवळ प्रत्येक पिलाची टाळू उघडी. सोनोग्राफी लावून बघितली, तर पोटातली पिलं निपचित पडलेली. त्या झुडपातलं विष गर्भाची हालचालच बंद पाडतं. तोंड हलत नाही, जीभ खाली बसत नाही, ती दोन झडपांच्या मध्ये अडून राहते. जनुकात दोष नाही, पेशींत दोष नाही, नुसती जीभ वाटेत आडवी. माणसाच्या काही बाळांत खालचा जबडा फार लहान असतो आणि टाळूला इंग्रजी यू अक्षरासारखी रुंद फट असते. तिथंही जीभच अडसर ठरते, हे समजायला ही बकरी कामाला आली.

मेंढ्यांत याच्याही पुढची गोष्ट घडली. अमेरिकेतल्याच आयडाहोच्या डोंगरात एक डोळ्याची कोकरं जन्मायची. मेंढीनं गाभण राहिल्यापासून नेमक्या चौदाव्या दिवशी एक रानटी वनस्पती खाल्ली की हे व्हायचं, तेराव्या-पंधराव्याला तसं व्हायचं नाही. आपल्याकडं असं वासरू जन्मलं की हळदीकुंकू आणि मोबाइलवाले जमतात. तिथं त्या वनस्पतीतून सायक्लोपामिन नावाचं रसायन काढलं. चेहऱ्याची मधली रेषा आखणारा पेशींमधला संदेश ते बंद पाडतं, हे १९९० च्या दशकात कळलं, आणि तोच संदेश अडवणारं त्वचेच्या कर्करोगावरचं औषध २०१२ मध्ये बाजारात आलं.

जनावराचं उत्तर जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही, हे थॅलिडोमाइडनं दाखवलं. १९५७ ते ६१ या काळात गर्भवतींनी मळमळीसाठी घेतलेल्या या औषधानं हजारो मुलं हातापायांविना किंवा आखूड हातापायांची जन्मली. उंदीर-घुशींना त्यानं काही होत नाही, सशांना होतं. उलट कॉर्टिझोननं उंदराची टाळू हमखास बिघडते, माणसांत तसा जोरदार परिणाम दिसलेला नाही. म्हणून दम्याच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असलेल्या बाईनं हे वाचून गोळी स्वतःहून बंद करू नये. फिटच्या काही गोळ्यांचा माणसांतही धोका आहे, पण त्या बदलून द्यायचं काम डॉक्टरचं, आणि तेही दिवस जाण्याआधी. आणखी एक त्रुटी. जनुक बिघडवलेल्या उंदरांत बहुतेकदा नुसती टाळूच उघडी राहते. तुमच्या भाच्यासारखं ओठ-टाळू दोन्ही असणं उंदरांत फार थोड्या जातींत दिसतं. म्हणजे आपल्याला सगळ्यात जास्त भेटणारं व्यंग उंदीर सगळ्यात कमी दाखवतो.

पुढच्या बाळासाठी पोटातच उपचार? बकरीच्या पोटातल्या पिलाची टाळू शिवून झाली आहे आणि व्रणाशिवाय भरली आहे. पण त्यासाठी आईचं गर्भाशय उघडावं लागतं. ज्या व्यंगानं जीव जात नाही आणि जे जन्मानंतर छान दुरुस्त होतं, त्यासाठी धडधाकट बाईचा जीव टांगणीला लावायचा हा सौदा मला पटत नाही. ट्रीचर कॉलिन्स नावाच्या व्यंगात चेहरा घडवणाऱ्या बऱ्याच पेशी चेहऱ्याकडं निघायच्या आतच मरतात. २००८ मध्ये उंदरांत पी-५३ नावाचं प्रथिन अडवून ते मरण थांबवलं, पिलं चांगल्या चेहऱ्याची झाली. पण तेच प्रथिन शरीराला कर्करोगापासून राखतं, ते गर्भवतीत कोण अडवणार? एक दार मात्र खरंच उघडलंय. घाम न येणं, दात न येणं अशा एका आनुवंशिक आजारात कमी पडणारं प्रथिन आधी उंदरांना दिलं, मग कुत्र्यांना. २०१८ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी ते आईच्या पोटातल्या जुळ्यांना गर्भजलात टोचल्याचं प्रसिद्ध झालं, आणि ती मुलं घाम येणारी निघाली. उंदरापासून तिथवर पोचायला पंधरा वर्षं लागली.

बहिणीनं पुढच्या खेपेला करायचं ते साधं आहे. पाळी चुकायची वाट न बघता, महिनाभर आधीपासून फॉलिक अॅसिड. पाठीच्या कण्याच्या व्यंगासाठी त्याचा फायदा पक्का आहे, ओठासाठी पुरावा तितका ठाम नाही, पण गोळी स्वस्त आहे आणि तोटा नाही. घरात कुणी बिडी ओढत असेल तर ती बाहेर, आणि खर्रा पूर्ण बंद. आईच्या धूम्रपानानं ओठ-टाळूचा धोका वाढतो, हे थेट माणसांच्या पाहणीतून आलंय. खर्ऱ्यात तंबाखू तीच, आणि तिनं बाळाचं वजन घटतं. मोहाची दारूही नको. गर्भारपणाच्या फक्त सातव्या दिवशी दारू दिलेल्या उंदरिणींच्या पिलांचे चेहरे, दारू पिणाऱ्या आयांच्या मुलांसारखे निघाले, हे १९८१ साली दाखवलं गेलंय. माणसात तो काळ गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या आठवड्याचा. पाळी नुकतीच चुकलेली असते किंवा चुकायची असते.

भाच्याचं तर आजच बघा. त्याला ओढता येणार नाही, म्हणून दूध काढून वाटी-चमच्यानं, बसतं धरून पाजा, मध्ये मध्ये ढेकर काढा, आठवड्याला वजन करा. तीन महिने आणि पुरेसं वजन झालं की ओठ, बोलायला लागायच्या आत, साधारण वर्षाच्या सुमारास टाळू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग येतं, शस्त्रक्रियेला पैसे लागत नाहीत. आशाताईला सांगा, तालुक्याच्या पथकाकडं नोंद होते. कानही तपासून घ्या, टाळू उघडी असलेल्या मुलांच्या कानात पाणी साचतं.

आणि शेजारच्या बकरीचा हिशेब. २० नोव्हेंबरमधून दीडशे दिवस वजा केले, तर ती जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर गाभण राहिली. बत्तिसावा ते एकेचाळिसावा दिवस येतो २५ जुलै ते ३ ऑगस्ट, श्रावण लागता लागता. तोवर तुमच्या भाच्याची टाळू ठरून अडीच महिने उलटलेले. दोघांचं कारण एक असू शकत नाही, दुधाचा तर प्रश्नच नाही. पण बकरीवाल्याला एवढं विचारून कळवा, त्या दहा दिवसांत कळप कुठं चरत होता, पाऊस लागून राहिल्यानं गोठ्यात कुंपणाचा पाला तोडून टाकला होता का, आणि एकच बोकड किती वर्षं वापरतोय. पाला टाकला असेल तर त्याची एक फांदी फुलासकट वर्तमानपत्रात दाबून माझ्याकडं पाठवा.